बुटाचे माप

गेल्या दिवाळीत आमची भाची अमेरिकेहून आली होती. तिचे माहेर हैदराबादचे, सासर सोलापूरचे आणि नोकरी टेक्सास राज्यातील एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकविण्याची. भारतात आली की चार दिवस आमच्याकडे काढावयाचे हा तिचा नेम आहे. मामा मास्तर आणि भाचीही मास्तरीण. तेव्हा पुढ्यात फराळाचे ताट असले तरी बोलणे अखेर वर्गावर येऊन ठेपते. दोन मास्तर एकत्र बसले की चकल्यांनाही गुण मिळू लागतात, अशी आमच्या घरातली तक्रार आहे.

या खेपेस तिने तेथील एका नियमाची हकीकत सांगितली. त्या राज्यात सरकारी महाविद्यालयात नाव घालणाऱ्या विद्यार्थ्याची वाचन, लेखन व गणित यांत आधी एक चाचणी होते. ही प्रवेशपरीक्षा नव्हे. तीत गुण कमी पडले म्हणून कोणी दाराबाहेर राहत नाही. कोणाला सरळ महाविद्यालयीन पाठ द्यावेत आणि कोणाची पूर्वतयारी करून घ्यावी, एवढेच ती ठरविते. या चाचणीतून काही जणांना सूट असते व त्यांत प्रत्यक्ष सेवेत असलेला सैनिक येतो. नाव घालण्यापूर्वी किमान तीन वर्षे तो सेवेत असला म्हणजे झाले. १ ऑगस्ट १९९० रोजी अथवा त्यानंतर सन्मानाने सेवामुक्त झालेल्यांनाही ती सूट आहे.

आम्ही ऐकताच म्हणालो, "योग्यच आहे! जो माणूस देशासाठी बंदूक घेऊन उभा राहिला, त्याला काय अपूर्णांक विचारावयाचे?"

भाची हसली नाही. ती म्हणाली, "मामा, सूट कागदावर मिळते. वर्गात बीजगणित तेवढेच अवघड राहते." मग तिने सांगितले की, २०१७ साली तेथे एक कायदा झाला आणि चाचणीत कच्चे ठरलेल्यांना निराळे न बसविता नेहमीच्या वर्गातच बसवून जोडीने मदतीचा तास देण्याची रीत वाढली. पण ज्याची चाचणीच झाली नाही तो कच्चा ठरतच नाही. तेव्हा तो तास त्याने घेतलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही आणि त्याला आपण होऊन मागणे जमत नाही. "मागच्या बाकावर ताठ बसतात, 'येस मॅम' म्हणतात, आणि एक दिवस येईनासे होतात. तुमच्याकडे असे कधी झाले आहे का?"

आम्ही पाण्याचा पेला उचलला. घडले होते; आणि ते आमच्याच हातून घडले होते.

वाचकांपैकी पुष्कळांना आमचा मुलूख ठाऊक नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद संस्थानातील जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. औराद, भालकी, बसवकल्याणकडची मराठी गावे अलीकडे, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात राहिली. गुलबर्ग्याकडील आळंद भागातही तीच कथा. (गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले, आमच्या जिभेवरून जुने नाव अजून उतरत नाही.) येथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, पण त्यांची वाट दहावीपाशी संपते. पुढे कन्नड वा इंग्रजी. ज्यांना परवडते ते उदगीर-लातूर गाठतात. ज्यांना परवडत नाही त्यांतील धडधाकट मुले पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावू लागतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावले तर भरतीत पूर्ण गुण पडतात, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ असते. बीदरच्या हवाई तळावरून उडणारी शिकाऊ विमाने आमच्या पत्र्यांवरून गेली की वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात, आणि आम्हीही खडू थांबवून पाहतो हे कबूल केले पाहिजे.

२०१६ साली आम्ही व आमच्या दोन सहकाऱ्यांनी शाळेतच एक संध्यावर्ग काढला. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी करावी, हा हेतू. फी नाही, हजेरीपट नाही. येणारे कोण? किराणा दुकानातला नोकर, दोन लेकरांची आई, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. कोणाची शाळा सुटून दोन वर्षे झालेली, कोणाची बारा. म्हणून आम्ही प्रत्येकाला पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचा एक कागद देत असू. मराठीचा एक उतारा, इंग्रजीची दहा वाक्ये, पाच उदाहरणे. त्यावरून दोन गट पडत. खालच्या गटाला आठवीच्या व्याकरणापासून सुरुवात, वरच्याला थेट बारावीची पुस्तके.

२०१७ च्या मे महिन्यात एक जवान आला. आमचाच विद्यार्थी. दहावी होऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला, नऊ वर्षांची नोकरी, दोन महिन्यांच्या रजेवर घरी. केस बारीक, पाठ ताठ, दारातच उभा राहून "सर, आत येऊ?" म्हणाला. या मुलाच्या पाठीत आम्ही कधी काळी धपाटा घातला होता. त्या संध्याकाळी मात्र आम्ही उठून उभे राहिलो, त्याला खुर्ची दिली आणि 'अहो-जाहो' करू लागलो. सहकाऱ्याने सवयीप्रमाणे कागद पुढे केला, तो आम्ही बाजूला सारला. "यांची कसली चाचणी घ्यायची? यांच्या चाचण्या वर बर्फात झाल्या आहेत." सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्याला वरच्या गटात बसविले.

बारा दिवस तो आला. तेराव्या दिवशी आला नाही. रजा आटोपली असेल असे आम्ही धरून चाललो. पुढे आठवड्याने औरादच्या बाजारात तो दिसला, आणि आम्हांला पाहून गल्लीत वळला. आमच्या मनात आले, पगार हातात आला की अभ्यास नको वाटतो. मास्तरला विद्यार्थ्याचा दोष किती चटकन सापडतो, पाहा.

पुढच्या वर्षी रजेवर आल्याबरोबर तो घरी आला. चहा झाला. मग त्याने खाली पाहत विचारले, "सर, गेल्या साली माझी चाचणी का नाही घेतली?"

आम्ही म्हणालो, "अरे, तुझा मान राखायचा म्हणून."

"मान राखलात सर. पण समजत काही नव्हतं. पहिल्या दिवशीच इंग्रजीचं पुस्तक उघडलं ते अख्खं गेलं डोक्यावरून. बाजूची मावशी आपल्या लेकराला मांडीवर घेऊन धडाधडा उत्तरं देत होती. मी विचारावं कसं? तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "भरतीत आमची उंची मोजतात, छाती मोजतात, दात मोजतात. कोणाला राग येत नाही. माप घेतल्याशिवाय बूट कोणत्या नंबरचे द्यायचे, कसं कळणार? तुम्ही मला बूट दिले सर, पण माप नाही घेतलं. बारा दिवस चाललो, मग टाचा फुटल्या."

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. विशेष खेद याचा की, ही गोष्ट आम्हांला शिकविण्याची गरज पडू नये. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमाने शाळेत प्रवेश देताना मुलाची निवडचाचणी घेण्यास मनाई केली. आणि चौथ्या कलमाने, कधी शाळेत न गेलेले वा मध्येच सुटलेले मूल वयानुरूप इयत्तेत बसवावे, पण ते इतरांबरोबर येईपर्यंत त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, असे सांगितले. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतील मुले आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही ही दोन्ही कलमे पाळतो. दहा वर्षांच्या पोराला दारात अडवत नाही. पण आत आल्यावर जवळ बसवून, गूळ-शेंगदाणे देत, त्याला किती अक्षरे येतात ते पाहतोच. त्याशिवाय शिकविणार काय? जवानाच्या बाबतीत आम्ही तेरावे कलम पाळले आणि चौथे विसरलो. मूल गरिबाचे असले की आपल्याला त्याची उणीव सहज दिसते. गणवेशातला माणूस समोर आला की ती पाहणे हाच आपल्याला उद्धटपणा वाटू लागतो. आणि खरे सांगावयाचे तर, ती खुर्ची, ते अहो-जाहो, त्या टाळ्या यांत आमची स्वतःचीही हौस भागली होती.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला कागद दिला. यंदा बाकावर बसविले आणि 'अरे-तुरे' केले. त्याचा चेहरा खुलला. कागद तपासला तो असा निघाला. इंग्रजी सातवीच्या पातळीवर. मराठी उतारा नीट वाचला, पण उत्तरे अर्धी हिंदीत; नऊ वर्षे रपट हिंदीत लिहिण्याची सवय. पाचही उदाहरणे बरोबर, आणि रीत आमच्यापेक्षा आखूड. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, नकाशावरचे अंतर आणि दिशेचे अंश रोज काढावे लागतात.

तेव्हा भूगोलाच्या सरांना युक्ती सुचली. समोच्च रेषांचा पाठ नववीच्या मुलांच्या काही केल्या गळी उतरत नव्हता. जवानाला सकाळच्या शाळेत बोलावले. त्याने मैदानात ओल्या मातीचा ढीग केला, त्यावर बोटभर अंतराने दोरे गुंडाळले, मग मुलांना एकेक करून बाकावर उभे करून वरून पाहावयास लावले. "दोरे जवळ दिसतात तिथं चढ खडा. तिथून जायचं नाही, दम लागतो, आणि वरचा माणूस तुम्हांला आधी बघतो." त्या वर्षी तो प्रश्न कोणाचा चुकला नाही. आमचा अर्ध्या तासाचा कागद ही गोष्ट मोजू शकत नव्हता, हेही येथे नोंदवून ठेवतो. अमेरिकेत १९४२ साली, शाळा अर्धवट टाकून लढाईवर गेलेल्या सैनिकांसाठीच एक निराळी परीक्षा तयार झाली होती. वर्गाबाहेर मिळविलेले ज्ञानही तीत पदरी पडावे असा विचार त्यामागे होता. परीक्षेतून सोडणे आणि परीक्षाच त्याच्या अंगाची शिवणे, यांत आम्हांला दुसरे अधिक मानाचे वाटते.

सैन्याला शिक्षण परके आहे असेही नाही. पचमढीला सेनेच्या शिक्षण दलाचे स्वतःचे महाविद्यालय आहे. आणि आम्हां मराठी माणसांना तर याचे घरचे उदाहरण आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या त्यांच्या मुलाने पुढे काय केले ते सांगावयास नको. आम्हीही मुख्याध्यापक, म्हणून रामजींचे नाव घेताना आमची मान उगाचच थोडी वर होते.

जवानाने २०१८ साली नाव नोंदविले. पाच विषय, माध्यम हिंदी. मुक्त विद्यालयाची एक सोय फार उपयोगी पडली. तेथील नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी असतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय खात्यावर जमा राहतो. तरी अडचण आलीच, आणि ती अभ्यासाची नव्हती. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत. रजा मात्र कंपनीच्या सोयीने. दोनदा पुस्तके पूर्ण होऊन रजा मिळाली नाही. एकदा रजा मिळाली ती निकाल लागल्यानंतर. ज्यासाठी त्याने खरोखर कोणाची विनवणी केली असेल तर ती परीक्षेच्या तारखेसाठी. हवी तेव्हा परीक्षा देण्याची सोय त्या संस्थेत आहे, पण ती निवडक केंद्रांवर. आमच्या तालुक्यातून ती गाठणे सोपे नाही. सैनिकाला सवलत द्यावयाची असेल तर ती येथे द्यावी, हे आम्ही भाचीलाही सांगितले. तिने मान हलविली. तिच्याकडेही सत्राच्या मधोमध बदलीचा हुकूम येऊन विद्यार्थी नाहीसे होतात म्हणे.

सवलतीचा कागद माणसाला कसा चकवितो याचा आणखी एक प्रसंग सांगावासा वाटतो. गावातील एक निवृत्त हवालदार चौकटीत बसविलेले प्रमाणपत्र घेऊन आले. सैन्यात पंधरा वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकास, केंद्र सरकारच्या 'क' गटातील ज्या राखीव जागांना पदवी लागते त्यांपैकी तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या जागांसाठी पात्र समजावे, अशी १९८६ ची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. तिने पुष्कळ घरे उभी राहिली. पण हवालदारांची समजूत अशी झाली होती की, आपण पदवीधर झालो. त्यांना बी.एड. करून आमच्याच शाळेत शिक्षक व्हावयाचे होते. हा कागद नोकरीच्या दारापुरता आहे, विद्यापीठाच्या दारी चालत नाही, हे त्यांना सांगण्याचे काम आमच्या वाट्यास आले. त्यांनी चौकट पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. "हे मला आधी कोणी बोललं नाही, गुरुजी," एवढेच म्हणाले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते.

आमचा जवान चार विषय २०२१ पर्यंत सुटला. इंग्रजीने दोनदा पाडले. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेही सुटले. निकाल त्याने फोनवर सांगितला; वारा एवढा होता की, गुण ऐकू आले नाहीत, फक्त "सुटलो सर, सुटलो" ऐकू आले. सौभाग्यवतीने त्या रात्री शिरा केला आणि आम्हां दोघांनाच तो खावा लागला.

आता नवी पिढी निराळ्या वाटेने जात आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांपैकी फार तर एक कायम होणार. त्याच महिन्यात असेही जाहीर झाले की, दहावी होऊन जाणाऱ्या अग्निवीरांसाठी मुक्त विद्यालय बारावीची सोय करील, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ तीन वर्षांची एक पदवी देईल, जिचे निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाबद्दल धरले जातील. आम्हांला ही कल्पना मनापासून आवडली. मातीच्या ढिगावर दोरे गुंडाळणाऱ्याला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. आमचे लक्ष आहे ते उरलेल्या निम्म्याकडे. तो अर्धा भाग पुस्तकाचा आहे, आणि एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा घरी परत येईल तेव्हा तो भाग त्याच्याकडून कोणी कोठून सुरू करून घ्यावयाचा, हे त्याच्या गावच्या मास्तरालाच पाहावे लागणार. आमच्या एका शाळेतून गेलेले असे पाच जण आम्ही मोजले आहेत.

त्यांतील एक जण परवा तीस दिवसांच्या रजेवर आला होता. भाची अजून घरीच होती. मुलाने वाकून नमस्कार केला, ताठ उभा राहिला आणि आम्ही अर्ध्या तासाचा कागद पुढे करताच त्याचा चेहरा उतरला. "सर, मला पण?" त्याच्या घरच्यांनाही ते रुचले नसावे, वडील दारातच उभे होते. आम्ही काही समजूत घालणार, तोच भाचीने त्याला विचारले, "बूट कितीचा घालतोस रे?" तो गोंधळला. "आठ नंबर, ताई." "कोणी सांगितलं तुला आठ?" "माप घेतलं ना." आणि मग त्याला हसू आले.

बाकावर बसून त्याने कागद पंचवीस मिनिटांत संपविला. इंग्रजीची दहापैकी चार वाक्ये बरोबर, उदाहरणे पाचपैकी तीन. भाचीने चुकलेल्या दोन उदाहरणांवर लाल खूण केली आणि तेथेच पाटीवर त्याला अपूर्णांकांचा लसावि काढून दाखवू लागली. रजेचे बावीस दिवस शिल्लक होते.